बाटलीवरची अक्षरे

वडीलधाऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांच्या हाती पडणाऱ्या मासिकात मद्याच्या निर्मितीविषयी लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल आणि काहींच्या कपाळाला आठ्याही पडतील. त्यांची नाराजी आम्हांस समजते. आपल्या बहुसंख्य घरांत हा पदार्थ उंबरठ्याच्या आत येत नाही, आणि जेथे येतो तेथे त्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. या मौनाचा परिणाम असा झाला आहे की, पिणाऱ्याला आपण काय पितो हे ठाऊक नसते, आणि त्याला आवर घालू पाहणाऱ्या घरच्या माणसांनाही नेमके काय बोलावे हे सुचत नाही. लग्नसराईत परगावचा पाहुणा एखादी बाटली ‘बारा वर्षे जुनी’ म्हणून मिरवतो. फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेला शेजारी कँटीनमधल्या रमची थोरवी सांगतो. आणि ऐकणारे माना डोलावतात. बारा वर्षे म्हणजे कोणती, ती कोणी मोजली आणि कशावरून मोजली, हे कोणी विचारीत नाही.

आम्ही इतकी वर्षे मुलांना भाषा शिकवीत आलो आहोत. शब्दाचा अर्थ नीट लावल्याखेरीज वाक्यावर विश्वास टाकू नये, हा आमच्या वर्गातला पहिला धडा. तोच धडा बाटलीवरील लेबलास लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा मानस नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मोड आलेले धान्य

व्हिस्कीची जन्मकथा आपल्या स्वयंपाकघरापासून फार दूरची नाही. तान्ह्या बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आपल्या घरच्या आजीबाई नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून तिला मोड आणतात, मग ती वाळवून दळतात. मोड आलेली नाचणी किंचित गोड लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. अंकुर फुटताना दाण्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी द्रव्ये जागी होतात, हे त्याचे कारण. स्कॉटलंडात हीच क्रिया जवाच्या, म्हणजे बार्लीच्या, दाण्यांवर करतात. दाणे दोन-तीन दिवस भिजवायचे, मोड फुटू द्यायचे आणि अंकुर सारी साखर खाऊन टाकण्यापूर्वी भट्टीच्या उष्णतेने त्याची वाढ थांबवायची. अशा दाण्याला ‘माल्ट’ म्हणतात. काही ठिकाणी या भट्टीत पीट नावाचे दलदलीतील अर्धवट कुजलेले गवत-शेवाळ जाळतात. काही व्हिस्क्यांना जो धुराचा वास येतो, तो तेथून येतो.

पुढे माल्ट भरडून त्यावर कढत पाणी सोडतात. गोड पाणी गाळून घेतात, त्यात यीस्ट घालतात आणि दोन-चार दिवस आंबू देतात. आंबलेल्या पाण्यात आठ-नऊ टक्के मद्यार्क तयार होतो. तो वेगळा काढण्यासाठी तांब्याच्या मोठ्या भांड्यात त्याचे ऊर्ध्वपातन करतात. मद्यार्क पाण्याआधी उकळतो, त्याची वाफ नळीवाटे जाते आणि थंड होऊन पुन्हा द्रव बनते. स्कॉटलंडात बहुतेक ठिकाणी हे दोनदा करतात. दुसऱ्या वेळी प्रथम येणारा उग्र भाग आणि शेवटी येणारा जड, कुबट भाग बाजूला काढून केवळ मधला भाग राखतात. तो पाण्यासारखा रंगहीन असतो. व्हिस्कीचा सोनेरी रंग धान्यातून येत नाही, ही गोष्ट वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावी.

स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४-९५ च्या हिशेबात जॉन कॉर नावाच्या एका धर्मबंधूस ‘जीवनजल’ करण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे. नोंद लॅटिनमध्ये आहे. त्याच अर्थाची शब्दजोडी तेथील गेलिक भाषेतही होती, आणि तिच्यातील ‘पाणी’ या अर्थाच्या शब्दापासून ‘व्हिस्की’ हा शब्द झाला.

‘व्हिस्की’ म्हणजे काय? एका न्यायालयातील प्रश्न

शब्द जुना असला तरी त्याचा अर्थ ठरायला विसावे शतक उजाडावे लागले. ती हकीकत मोठी उद्बोधक आहे.

१८३० साली एनियस कॉफी या आयर्लंडमधील निवृत्त अबकारी अधिकाऱ्याने नव्या भट्टीचे पेटंट घेतले. तांब्याच्या भांड्यात एक घाण झाला की ते रिकामे करून पुन्हा भरावे लागे. कॉफीच्या उंच स्तंभासारख्या यंत्रात वरून आंबवण आणि खालून वाफ सोडली की अखंड, जवळजवळ शुद्ध मद्यार्क मिळू लागला. मका किंवा गहू यांसारखे स्वस्त धान्य त्याला चाले. असा मद्यार्क सौम्य, स्वस्त आणि जवळजवळ बेचव असे. व्यापाऱ्यांनी त्यात थोडी चवदार माल्ट व्हिस्की मिसळली आणि तिचा जगभर खप वाढवला. मिश्रण वाईट होते असे नव्हे. पण कशात काय आणि किती मिसळले आहे, हे ग्राहकास कळण्याचा मार्ग नव्हता. लीथ येथील पॅटिसन बंधूंची बडी पेढी १८९८ मध्ये बुडाली, तेव्हा हलक्या मद्यार्कात नावापुरती चांगली व्हिस्की मिसळून ती ‘जुनी उत्तम ग्लेनलिव्हेट’ म्हणून विकली गेल्याचे उघड झाले. १९०१ मध्ये दोघे भाऊ तुरुंगात गेले.

त्यानंतर १९०५ साली लंडनमधील इझलिंग्टनच्या नगर प्रशासनाने काही दुकानदारांवर खटले भरले. आरोप साधा होता : गिऱ्हाइकाने व्हिस्की मागितली आणि याने भलतेच काही दिले. १९०६ मध्ये दंडाधिकाऱ्याने दुकानदारांना दोषी ठरवले. अपिलात निर्णय लागेना, तेव्हा १९०८ मध्ये सरकारने चौकशीसाठी शाही आयोग नेमला. एका शब्दाच्या अर्थासाठी आयोग बसावा, हे आम्हां भाषेच्या शिक्षकांना कौतुकाचेच वाटते! १९०९ मध्ये आयोगाने निर्णय दिला : माल्टच्या साहाय्याने साखरेत रूपांतर केलेल्या धान्याच्या आंबवणातून ऊर्ध्वपातनाने मिळालेले मद्य ते व्हिस्की, भट्टी कोणतीही असो. म्हणजे कॉफीच्या यंत्रातील मद्यालाही हे नाव मिळाले. मात्र एक अट कायम राहिली : मूळ द्रव्य धान्य हवे. आपल्या देशाचा विचार करताना ही अट पुन्हा समोर येणार आहे.

पिंपातील वर्षे

वयाची अट नंतर आली. पहिल्या महायुद्धात मद्यामुळे कारखान्यांतील कामाची हानी होते म्हणून ब्रिटिश सरकारने १९१५ मध्ये कोवळ्या मद्याच्या विक्रीवर बंधन घातले. प्रथम दोन आणि लगोलग तीन वर्षे मद्य साठवणे सक्तीचे झाले. आज अमलात असलेल्या २००९ च्या नियमांप्रमाणे स्कॉच व्हिस्की स्कॉटलंडातच, ओक लाकडाच्या, ७०० लिटरांहून मोठ्या नसलेल्या पिंपांत किमान तीन वर्षे मुरली पाहिजे. बाटलीत तिची तीव्रता ४० टक्क्यांहून कमी नसावी. आणि तिच्यात पाणी व साधा कॅरॅमल रंग यांखेरीज काही घालू नये.

पिंपात नेमके काय होते? आपल्याकडे लोणचे बरणीत मुरते. पण तेथे बरणी काही देत नाही, काही घेत नाही. ओकचे पिंप देतेही आणि घेतेही. त्याच्या लाकडातून रंग व व्हॅनिलासारखा गोडसर गंध मद्यात उतरतो. आत जाळून कोळसा केलेला थर काही उग्र द्रव्ये शोषून घेतो. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत येते आणि मद्य हळूहळू उडून जाते. अमेरिकेतील बूरबाँ व्हिस्कीसाठी कायद्याने कोरे, आतून जाळलेले ओकचे भांडे लागते. एकदा वापरलेली पिंपे त्यांना बूरबाँसाठी पुन्हा चालत नाहीत. ती स्कॉटलंडात येतात. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे मोलाचे, असा हा व्यवहार आहे. स्पेनमधील शेरी या द्राक्षमद्याने मुरवलेली पिंपेही अशीच वापरली जातात.

उडून जाणाऱ्या भागास तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या गारव्यात तो वर्षाला सुमारे दोन टक्के असतो. बंगळुरात तोच दहा ते बारा टक्क्यांपर्यंत जातो. गणिताच्या तासाला शोभेल असे हे उदाहरण आहे. शंभर लिटर मद्य पिंपात भरले आणि दरवर्षी उरलेल्यापैकी दोन टक्के उडाले, तर बारा वर्षांनी सुमारे ७८ लिटर उरते. दरवर्षी दहा टक्के उडाले, तर जेमतेम २८ लिटर! उष्ण हवेत लाकूड व मद्य यांची देवघेवही वेगाने होते. म्हणून आपल्याकडील पाच वर्षे आणि स्कॉटलंडातील पाच वर्षे ही एकाच मापाची नव्हेत.

याची साक्ष बंगळूरच्या ‘अमृत’ कारखान्याने दिली. १९४८ साली तो जगदाळे कुटुंबाने स्थापला; हे आडनाव आपल्या वाचकांना परके वाटणार नाही. या कारखान्याने आपली सिंगल माल्ट व्हिस्की प्रथम २००४ मध्ये विकायला नेली ती थेट स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात. पुढे आपल्या शेजारच्या गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी ‘पॉल जॉन’ ही व्हिस्कीही विलायतेच्या बाजारात गेली. या भारतीय बाटल्यांपैकी पुष्कळांवर वयाचा आकडा नसतो. असता, तर पाच-सहाचा आकडा बाराच्या शेजारी उगाच पोरका दिसला असता.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्कॉचच्या बाटलीवर ‘१२ वर्षे’ असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ कायद्याने असा : या बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्की बारा वर्षे पिंपात मुरलेली आहे. तीस वर्षे मुरलेल्या मद्यात तीन वर्षांचे एक चमचाभर जरी मिसळले, तरी आकडा तीनाचाच घालावा लागतो. हा नियम आम्हांस फार आवडतो. सर्वांत कच्च्या विद्यार्थ्यावरून वर्गाची परीक्षा करावी, असा हा न्याय आहे. दुसरी गोष्ट अशी की, बाटलीत भरल्यावर व्हिस्कीचे वय थांबते. मामांनी वीस वर्षांपूर्वी आणून कपाटात ठेवलेली बारा वर्षांची बाटली आजही बाराच वर्षांची आहे, बत्तीस वर्षांची नव्हे. तिसरी गोष्ट : आकडा वयाचा असतो, गुणवत्तेचा नव्हे.

‘सिंगल’ या शब्दाचाही असाच घोळ होतो. तो एका पिंपाचा किंवा एकाच धान्याच्या शुद्धतेचा दाखला नव्हे. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच भट्टीत, केवळ माल्ट केलेल्या जवापासून झालेली व्हिस्की. शेकडो पिंपांचे मिश्रण तिच्यात असू शकते. वेगवेगळ्या भट्ट्यांच्या सिंगल माल्टचे मिश्रण ते ‘ब्लेंडेड माल्ट’. माल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की एकत्र केली की ‘ब्लेंडेड स्कॉच’. एक-दोन शब्दांचा हा फरक किती मोलाचा, हे २००३ मध्ये दिसले. ‘कार्डू’ या सिंगल माल्टची मागणी इतकी वाढली की एकट्या भट्टीला ती पुरवता येईना. तेव्हा तिच्या मालकांनी त्याच नावाच्या, जवळजवळ तशाच दिसणाऱ्या बाटलीत अनेक भट्ट्यांच्या माल्टचे मिश्रण भरले आणि ‘सिंगल’ ऐवजी ‘प्युअर’ हा शब्द छापला. ‘प्युअर’ म्हणजे शुद्ध. ते खोटे नव्हतेच, कारण आत केवळ माल्टच होते. पण वाचणारा फसत होता. इतर उत्पादकांनी गहजब केला, २००४ मध्ये ती बाटली मागे घेतली गेली, आणि २००९ च्या नियमांनी ‘प्युअर माल्ट’ हा शब्दप्रयोगच बंद केला. प्रत्येक शब्द खरा असूनही वाक्य फसवे असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

उसाच्या देशात

आता रमकडे वळू. बेळगाव परिसरातील वाचकांना तिचा कच्चा माल डोळ्यांसमोर आहे. ऊस गाळून साखर काढून घेतली की उरते ती काळी, दाट मळी. तिच्यात साखर असते, पण तिचे स्फटिक काढणे परवडत नाही. मळीत पाणी व यीस्ट घालून ती आंबवली आणि ऊर्ध्वपातन केले की रमचा मद्यार्क मिळतो. साखर आयतीच असल्याने धान्याप्रमाणे मोड आणण्याची खटपट येथे नाही.

रमचा उगम मात्र आपल्याकडचा नव्हे. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर, आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उसाचे मळे चालत. त्या मळ्यांच्या मळीतून ही दारू निघाली. बार्बेडोसमधील ‘माउंट गे’ येथील भट्टीचा दस्तऐवज १७०३ सालचा आहे. ब्रिटिश आरमारात खलाशांना रोजची रम मिळण्याची चाल ३१ जुलै १९७० पर्यंत टिकली. फौज आणि रम यांचे नाते आपल्याकडेही आले ते त्याच राजवटीबरोबर.

रमच्या तऱ्हा बेटागणिक वेगळ्या. जमैकात कित्येक दिवस आंबवून उग्र सुगंधाची रम करतात. मार्टिनीक बेटावर मळीऐवजी ताज्या उसाच्या रसाची रम होते आणि तिच्या नावाला १९९६ पासून फ्रान्सचे कायदेशीर संरक्षण आहे. पण साऱ्या जगाला बांधणारा एक नियम रमला नाही, आणि लेबल वाचणाऱ्याची कसोटी येथेच लागते. ग्वातेमालातील ‘झाकापा’ या प्रसिद्ध रमवर २३ हा आकडा ठळक असतो. पूर्वी त्यापुढे ‘वर्षे’ या अर्थाचा शब्दही असे. प्रत्यक्षात ते सहा ते तेवीस वर्षांच्या रमांचे मिश्रण. स्कॉचच्या न्यायाने तेथे सहाचा आकडा पडला असता. म्हणजे एका बाटलीवरचा आकडा वर्गातील सर्वांत लहान मुलाचे वय सांगतो, तर दुसरीवरचा सर्वांत थोरल्याचे. आणि ग्राहक दोन्ही एकाच तराजूत घालतो!

काळेपणाचेही तेच. गडद रम म्हणजे जुनी रम, अशी समजूत सर्वत्र आहे. पिंपात रंग येतो हे खरे. पण जळक्या साखरेचा रंग काही क्षणांत तेच काम करतो. १९५४ मध्ये बाजारात आलेल्या ‘ओल्ड मंक’सह अनेक भारतीय रमच्या बाटल्यांवर तीन फुल्या असतात. त्या वयाचा आकडा नव्हेत.

आपल्याकडील बाटल्यांवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा का असतो, असेही कोणी विचारील. तो जुन्या ब्रिटिश मापाचा वारसा आहे. त्या मापात १०० अंश ‘प्रूफ’ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. आपल्याकडे ७५ अंशांचे मद्य रूढ झाले, आणि ७५ अंश म्हणजे ४२.८ टक्के. राज्य गेले, माप गेले; आकडा मात्र राहिला.

आपल्या घरचा प्रश्न

आता इझलिंग्टनच्या न्यायालयातला तो जुना प्रश्न आपल्या दारी आणू. आयोगाने सांगितले होते : मूळ द्रव्य धान्य हवे. युरोपातील कायदाही आज तेच म्हणतो, आणि वर तीन वर्षे लाकडी पिंपाची अट घालतो. भारतात मात्र मळीच्या मद्यार्कावर आधारलेल्या पेयासही ‘व्हिस्की’ म्हणण्याची मुभा राहिली आहे. स्वस्त व्हिस्क्यांपैकी पुष्कळांचा पाया हाच मद्यार्क असतो. त्यात थोडे माल्ट, रंग व स्वाद मिसळतात. धान्याच्या मद्यार्काचा वापर अलीकडे वाढला आहे हे खरे, पण साध्या लेबलवरून ते ओळखणे कठीण. ज्या मळीतून रम निघते, त्याच मळीचा अर्क नाव पालटून शेजारच्या फळीवर बसतो. हेच पेय युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. यास कोणी फसवणूक म्हणणार नाही, कारण कायदा मोडलेला नाही. पण शब्दाचा अर्थ देशाची सीमा ओलांडताच बदलतो, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

काही देशी बाटल्यांवर ‘आयात केलेल्या स्कॉचच्या मिश्रणासह’ अशा अर्थाची ओळ झळकते. किती मिश्रण, हे तीत सहसा नसते. आमटीत केशराची एक काडी टाकून तिला केशरी आमटी म्हणण्यासारखे हे आहे. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील १५० टक्के आयातकर प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. त्यामुळे अशा ओळी यापुढे अधिक दिसतील, कमी नव्हे.

नावांवरूनही भांडणे होतात. बंगळूरच्या खोडे कंपनीच्या ‘पीटर स्कॉट’ या नावास स्कॉटलंडच्या व्हिस्की उत्पादकांच्या संघाने हरकत घेतली. ‘स्कॉट’ हा शब्द पाहून लोक ही स्कॉच समजतील, असे त्यांचे म्हणणे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरकत फेटाळली. १९७४ पासून नाव ठाऊक असता संघ १९८६ पर्यंत स्वस्थ बसला, हे मुख्य कारण. पण निकालात आणखी एक मुद्दा होता : अशा वस्तूचा ग्राहक शिकलासवरलेला असतो, अडाणी खेडुतासाठी लावायची कसोटी त्याला लावू नये. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने गृहीत धरले की, बाटली घेणारा अक्षरे वाचतो आणि त्यांचा अर्थ जाणतो. न्यायालयाच्या या भरवशास आपण किती पात्र आहोत, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

याच संदर्भात आपल्या शेजारची एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. गोव्याच्या काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक नामसंरक्षण मिळाले. काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवून ती करतात. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा हुर्राक सौम्य, पुढची फेणी कडक. वर्षानुवर्षे तिच्यावर ‘देशी दारू’ हा हलका शिक्का होता. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याच्या वारशाचा मान दिला. फेणीला पिंप नाही, वयाचा आकडा नाही, सोनेरी रंगही नाही. तरी नाव, गाव आणि मूळ द्रव्य या तिन्ही गोष्टी तिच्याबाबत जुळतात. प्रामाणिक लेबलास याहून अधिक लागत नाही.

वाचावे कसे?

तेव्हा अशी बाटली समोर आली, तर पाच प्रश्न विचारावेत. मूळ द्रव्य कोणते, धान्य, मळी की दुसरे काही? ते सांगितलेले नसेल, तर का? आकडा असेल, तर तो कोणत्या देशाच्या नियमाने आणि मिश्रणातील कोणाचे वय सांगतो? काढले कोठे आणि बाटलीत भरले कोठे? ‘प्रीमियम’, ‘रिझर्व्ह’, ‘व्हेरी ओल्ड’ अशा विशेषणांमागे एखादा मोजता येणारा नियम आहे काय? विशेषणे काढून टाकल्यावर वाक्यात काय उरते, हे पाहण्याची सवय आम्ही मुलांना निबंधात लावतो. येथेही ती उपयोगी पडते.

आणि बाटलीला लेबलच नसेल, तर प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मेथॅनॉलमिश्रित गावठी दारूने शंभरावर माणसे दगावली. मेथॅनॉल दिसायला मद्यार्कासारखेच असते. ते डोळे घेते आणि प्राणही घेते. त्या बळींमध्ये बहुतेक रोजंदारीवर जगणारे गरीब होते. लेबलवरचा शब्द हा श्रीमंतांच्या चोखंदळपणाचा विषय नाही, हे यावरून कळावे.

शेवटी एका ओळीविषयी. १ एप्रिल २०१९ पासून भारतातील प्रत्येक मद्याच्या बाटलीवर मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि पिऊन वाहन चालवू नये असा इशारा ठरावीक मापाच्या अक्षरांत छापणे बंधनकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही. बारा वर्षांचे असो वा तीन महिन्यांचे, जवाचे असो वा मळीचे, ग्लासगोचे असो वा आपल्या साखरपट्ट्यातील, या ओळीत फरक पडत नाही. बाकी सारे शब्द विक्रेत्याने आपल्या सोयीने निवडलेले असतात. ही एक ओळ त्याच्या मनाविरुद्ध तेथे आलेली असते. म्हणूनच ती विश्वासार्ह आहे.

यापुढे कोणी पाहुणा बाटलीवरचा आकडा मिरवू लागला, तर आपल्या घरातील एखाद्या चुणचुणीत मुलीने किंवा सुनेने सहज विचारावे, “काका, हे वय सर्वांत लहानाचे की सर्वांत थोरल्याचे?” त्या एका प्रश्नाने मैफल थोडी शांत झाली, तर आमचे हे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.